नारू, बारव आणि आजीचा पाय

मागच्या महिन्यात एका शनिवारी आम्ही चार मित्र साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटांची विहीर बघून आलो. "जाऊ या रे एकदा" असं म्हणत म्हणत दोन वर्षं गेली होती. शेवटी एक रिलीज पुढे ढकललं गेलं आणि आमचं नशीब उघडलं. छत्रपती शाहूंच्या काळात, १७१९ ते १७२४ च्या दरम्यान, वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधून घेतली. लांबून काहीच दिसत नाही. मग एकदम दगडी जिना लागतो, आत छोटेखानी महाल आणि खाली हिरवं गार पाणी. बाहेर रणरणतं ऊन आणि दहा पायऱ्या उतरलं की एसी लावल्यासारखं वाटतं. मी दीडशे फोटो काढले. (त्यातले एकशे चाळीस सारखेच आहेत, हे घरी आल्यावर कळलं.)

रविवारी आजीकडे जेवायला गेलो होतो. आजी सत्त्याऐंशीची आहे. डोळे अजून शाबूत आहेत, म्हणून मोबाईलवर फोटो दाखवत बसलो. तिनं बराच वेळ निरखून बघितलं आणि म्हणाली, "चांगली हाय की. पन पायऱ्याची हाय न्हवं?"

"हो, पायऱ्यांचीच तर गंमत आहे."

"मग नारू असंल."

आणि तिनं लुगडं जरा वर घेऊन घोट्याच्या वरचा तो डाग दाखवला. रुपयाएवढा, चकचकीत, आत ओढल्यासारखा. लहानपणापासून मी तो बघतोय. चुलीजवळ भाजलं असेल असंच समजत होतो. कधी विचारलं नाही.

आता तुमच्यापैकी अनेकांना नारू म्हणजे शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातली एक ओळ एवढंच आठवत असेल. "नारूचा प्रसार कशामुळे होतो? – दूषित पाणी. एक मार्क." मलाही तेवढंच आठवत होतं. म्हणून आजीनं जे सांगितलं ते आधी लिहितो.

तिचं सासर सोलापूर जिल्ह्यातलं. लग्न सोळाव्या वर्षी झालं. त्यानंतर दोनेक वर्षांनी, म्हणजे १९५६ च्या आसपास, चैत्रात तिच्या घोट्याच्या वर फोड आला. निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची. गावाची बारव होती, पाण्यापर्यंत पायऱ्या. बायका घागर घेऊन खाली उतरायच्या, शेवटच्या पायरीवर पाण्यात उभं राहून भरायच्या. उन्हाळ्यात पाणी तळाला जायचं, तेव्हा तर गुडघाभर आत शिरून वाडग्यानं घागरीत भरावं लागे. "पाय पान्यात बुडवला की असं बरं वाटायचं बघ," आजी म्हणाली. मग फोड फुटला आणि आतून पांढरा दोरा दिसायला लागला. गावातला एक म्हातारा नारू काढायचा. त्यानं दोऱ्याचं टोक एका काडीला गुंडाळलं. रोज दोन बोटं, चार बोटं ओढायचं आणि काडी पायाला बांधून ठेवायची. जोरात ओढलं आणि तुटला तर आतल्या आत सडतो, पाय सुजतो. दीड महिना ती झोपून होती. पेरणी तिच्याविना झाली आणि त्यावरून सासूनं ऐकवलं ते तिला अजून शब्दान् शब्द पाठ आहे.

हे ऐकून मी, शहाणा, लगेच समजावून सांगायला लागलो. मोबाईलवर नारूचं जीवनचक्रच उघडलं होतं. म्हटलं, आजी, तो दोरा म्हणजे जंताची मादी. तुझा पाय पाण्यात गेला की ती तिची पिल्लं पाण्यात सोडते. तेच पाणी दुसरा कुणी प्यायला की वर्षानं त्याला नारू होतो.

आजी गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "म्हंजी म्या पाय बुडवत हुते, त्यातनं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण उशीर झाला होता. तिच्या धाकट्या दिराला, म्हणजे माझ्या चुलत आजोबांना, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात गुडघ्याला नारू झाला होता. वय आठ. तो नारू ओढताना तुटला, गुडघा सुजला आणि तो सांधा कायमचा आखडला. आम्ही त्यांना बघितलं ते काठी घेऊन लंगडतानाच. ते जाऊन आता बारा वर्षं झाली.

आजीनं ताट बाजूला सारलं. मी "अगं, तसं नसतं" वगैरे काहीतरी पुटपुटलो. पण खरं तर तसंच असतं. निदान तसं असू शकतं. त्यानंतरचे चार शनिवार-रविवार मी नारूचा इतिहास वाचण्यात घालवले. मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: आजीची चूक होती का?

*

आधी शत्रूची ओळख करून घेऊ. शास्त्रीय नाव ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस. ड्रॅकन्क्युलस म्हणजे छोटा सर्प, मेडिनेन्सिस म्हणजे मदिनेचा. युरोपियन खलाशांनी तो आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावर पाहिला म्हणून इंग्रजीत 'गिनी वर्म'. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत 'स्नायुक' म्हणून येतो तो हाच. इजिप्तमधल्या एका ममीच्या शरीरातही याचा दगड झालेला अवशेष सापडला आहे. म्हणजे माणसाची आणि याची ओळख किमान तीन हजार वर्षांची.

साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे मिलिमीटरभर लांबीचे जीव असतात. नारूची पिल्लं त्यांच्या पोटात जातात आणि साधारण दोन आठवड्यांत माणसाला लागण करण्याजोगी होतात. ते पाणी आपण प्यायलो की पोटातल्या आम्लात सायक्लॉप्स मरतो, पिल्लं सुटतात आणि आतड्याची भिंत ओलांडून शरीरात शिरतात. नर-मादीचं मीलन होतं, नर मरून जातो. मादी वाढत वाढत दोन-तीन फूट लांब होते आणि सुमारे वर्षभरानं, बहुतेक वेळा गुडघ्याखाली, कातडीपर्यंत येऊन फोड उठवते. आग होते, माणूस थंडाव्यासाठी पाय पाण्यात घालतो आणि ती लाखो पिल्लं पाण्यात सोडून देते. चक्र पूर्ण.

यातली सगळ्यात भयंकर गोष्ट मला ती आग वाटते. माणसानं पाण्याकडे जावं यासाठी नारू त्याला दुखवतो. आजीनं पाय बुडवला तो तिचा निष्काळजीपणा नव्हता. तिला तसं वाटायला लावणं हाच त्या जंताचा जगण्याचा मार्ग आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ते एक वर्ष. आमच्या धंद्यात एखादा बग आज घातला आणि तो आज रात्रीच फुटला तर शोधायला सोपा असतो. पण आज घातलेला बग पुढच्या वर्षी, दुसऱ्याच मशीनवर, दुसऱ्याच माणसाच्या हातून फुटला आणि मधल्या काळातला एकही लॉग नसेल, तर कोण शोधणार? गेल्या वैशाखात प्यायलेल्या पाण्याचा आणि या वैशाखातल्या फोडाचा संबंध गावातल्या कुणी कसा लावायचा? बरं, शरीर याच्याविरुद्ध प्रतिकारशक्तीही कमवत नाही. त्यामुळे एकाच माणसाला दरवर्षी नारू होऊ शकतो. लस नाही. मारणारं औषध नाही. आजही नाही.

आणि हे वर्षभराचं गणित ऋतूशी कसं जुळतं बघा. आपलं दख्खन म्हणजे काळा पाषाण. पाणी मुरतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. त्यामुळे विहिरीचं पाणी श्रावणात हाताला लागतं आणि वैशाखात पार तळाशी जातं. पाण्याची पातळी अशी वरखाली होत असेल तर पायऱ्यांची विहीर हे फार हुशार डिझाईन आहे. पाणी कुठंही असो, माणूस तिथपर्यंत चालत जाऊ शकतो. पण पावसाळ्यात विहीर भरलेली असताना सायक्लॉप्स विखुरलेले असतात, उन्हाळ्यात ते तळाच्या डबक्यात दाटीवाटीनं जमतात. नेमकं तेव्हाच माणसाला पाण्यात शिरावं लागतं आणि गेल्या उन्हाळ्यात गिळलेला नारूही नेमका तेव्हाच बाहेर येतो. पश्चिम आफ्रिकेच्या कोरड्या साहेल पट्ट्यात याच्या उलट असतं. तिथं तळी फक्त पावसाळ्यातच भरतात, म्हणून तिथं नारूचा हंगाम पावसाळ्यात. जंत तोच, फक्त कॅलेंडर तिथल्या पाण्याचं. मालीमधले डोगोन लोक याला रिकाम्या कोठाराचा आजार म्हणतात. शेतीच्या ऐन कामात माणूस आडवा होतो आणि वर्षभर घर उपाशी राहतं.

वाहत्या पाण्यात हे चक्र टिकत नाही. नुसत्या आडातही नाही. आड म्हणजे आपल्या म्हणीतला, पोहरा सोडून शेंदायचा. आडात पोहरा उतरतो, माणूस उतरत नाही. म्हणजे नारूला साचलेलं पाणी, त्यात उतरणारा पाय आणि तेच पाणी पिणारं तोंड, अशा तिन्ही गोष्टी एका जागी लागतात. पायऱ्यांच्या विहिरीत त्या एका जागी येत होत्या.

*

आता थोडं लांब जाऊ, कारण हे कोडं सुटलं ते मध्य आशियात. बुखारा हे आजच्या उझबेकिस्तानातलं शहर. तिथं नदीचं पाणी कालव्यांनी आणून दगडी हौदांत साठवायचे. हौदांना चारही बाजूंनी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. थोडक्यात, आपल्या बारवेचं मावसभावंड. सतराव्या शतकातला लाब-ए-हौज आजही तिथं उभा आहे, पर्यटक काठावर चहा पितात. पखाली भरणारे लोक उघड्या पायांनी त्या पायऱ्या उतरत आणि घरोघर पाणी विकत.

याच परिसरात जन्मलेल्या इब्न सिनानं अकराव्या शतकात नारूचं वर्णन करून ठेवलं होतं. १५५८ साली अँथनी जेन्किन्सन नावाचा इंग्रज व्यापारी बुखाऱ्यात पोचला. इथलं पाणी प्यायल्यानं पायात हातभर लांबीचे किडे होतात आणि ते काढायचं काम शल्यवैद्य करतात, असं त्यानं लिहून ठेवलं. म्हणजे पाण्याशी संबंध आहे हा संशय जुनाच. पण पाण्यातून नेमकं काय जातं ते कळत नव्हतं.

ते कळलं १८७० च्या सुमारास. अलेक्सेई फेदचेंको हा रशियन निसर्गशास्त्रज्ञ समरकंदला काम करत होता, वय पंचविशीचं. नारूची पिल्लं सायक्लॉप्सच्या शरीरात जाऊन वाढतात हे त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. (बिचारा १८७३ साली माँ ब्लांच्या बर्फात गारठून गेला, तिशीही गाठली नव्हती.) विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रॉबर्ट लायपर या ब्रिटिश संशोधकानं लागण झालेले सायक्लॉप्स माकडाला खाऊ घातले आणि त्याच्या शरीरात नारू वाढल्याचं दाखवलं. आणि मला वाचून बरं वाटलं की १९१० च्या दशकात आपल्या मुंबईतही डॉ. तर्खड यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून लागणीचा मार्ग पक्का केला. पुढे १९३० च्या दशकात म्हैसूर संस्थानातल्या चित्रदुर्ग भागात डॉ. मूर्ती यांनी नारूवर तपशीलवार काम केलं. विहिरीत सायक्लॉप्स खाणारे मासे सोडायचे प्रयोगही त्या काळात झाले.

इकडे बुखाऱ्यात १९२३ मध्ये लिओनिद इसायेव या डॉक्टरनं मोहीम उघडली. त्याच्याकडे औषध नव्हतंच. त्यानं हौद उपसले, बरेच बुजवले, रोग्यांची गल्लीवार नोंद केली आणि त्यांना पाण्यापासून लांब ठेवलं. शहरात नळ आले. १९३१ मध्ये शेवटच्या रुग्णाची नोंद झाली. हजार वर्षांचं दुखणं आठ वर्षांत संपलं.

इथं मी वाचायचं थांबवलं आणि कागदावर आकडे मांडले. आजीला नारू झाला १९५६ च्या आसपास. म्हणजे फेदचेंकोच्या शोधाला तेव्हा शहाऐंशी वर्षं झाली होती. मुंबईच्या प्रयोगांना चाळीस. बुखारा नारूमुक्त होऊन पंचवीस. सगळं माहीत होतं. फक्त पाण्यात उभ्या राहिलेल्या अठरा वर्षांच्या बाईला ते कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी तिनं काय केलं असतं? घरात पाणी आणायचं काम तिचं, गावात पाणी एकच, आणि त्याचा रस्ता त्या पायऱ्यांवरून.

*

एक गोष्ट मला फार खटकली, ती लिहायलाच हवी. आपल्या गावांत पाणवठ्यावर पहारा नव्हता असं नाही. चांगला कडक पहारा होता. पाण्याला कुणी शिवायचं आणि कुणी नाही, यावर सगळं गाव डोळ्यात तेल घालून बसलेलं असे. आजी सांगते, बारवेवर दलित वस्तीतल्या बायका लांब उभ्या राहायच्या, कुणीतरी वरून त्यांच्या घागरीत पाणी ओतेल म्हणून वाट बघत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं, तेव्हा सनातनी मंडळींनी नंतर शेण, गोमूत्र, दही-दूध घालून तळं 'शुद्ध' करून घेतलं. आणि इकडे गावोगाव पायाला फोड आलेली 'शुद्ध' माणसं खुशाल पिण्याच्या पाण्यात उभी होती. पाणी कशानं बाटतं याची इतकी काळजी करणाऱ्या समाजाचं, ते खरंच कशानं बाटतं याकडे लक्षच नव्हतं.

एक प्रथा मात्र कामाची होती, पाणी कपड्यानं गाळून घेण्याची. जैन घरांत ती नेमानं पाळतात. दुहेरी घडीच्या स्वच्छ फडक्यातून गाळलं की सायक्लॉप्स वरच राहतात. पुढे सरकारी मोहिमेनंही हाच उपाय उचलला.

*

आजीच्या गावातून नारू गेला तो कुणी डॉक्टर आला म्हणून नाही. तो गेला बहात्तरच्या दुष्काळानंतर. विहिरी आटल्या, पाण्यासाठी खोल खडक फोडायची वेळ आली आणि महाराष्ट्रात जागोजागी बोअर मारल्या गेल्या. पण बोअरवरचे पंप टिकेनात. ते बिडाचे पंप मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेल्या विलायती पंपांच्या नकला होते. त्यावर सगळं गाव दिवसभर लटकलं की चार महिन्यांत दांडा हातात यायचा. जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी यावर डोकं चालवलं. दांड्याचे अनेक सांधे काढून एकच मजबूत सांधा ठेवला. सोलापूरला त्यात आणखी सुधारणा झाली. त्याच सोलापुरी पंपावरून पुढे युनिसेफ आणि सरकारच्या पुढाकारानं १९७० च्या दशकाच्या शेवटी 'इंडिया मार्क टू' हा पंप तयार झाला. तुम्ही-आम्ही सुट्टीत गावी गेल्यावर ज्याला लोंबकळलो तो हापसा हाच! जगभर लाखोंनी बसला. आणि त्याचं मूळ जालना-सोलापुरात आहे हे मला या वयात कळतंय.

हापशाच्या पाण्यात पाय घालता येत नाही. एवढंच.

१९८१ ते १९९० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी पिण्याच्या पाण्याचं दशक म्हणून जाहीर केलं. नारू हा असा रोग होता की पाणी सुधारलं की तो जायलाच हवा, म्हणून त्याचं निर्मूलन हे दशकाचं एक उद्दिष्ट ठरलं. भारतानं १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. १९८४ साली देशात जवळपास ४० हजार रुग्ण नोंदले गेले. सात राज्यं, ८९ जिल्हे आणि बारा हजारांहून जास्त गावं. त्यात महाराष्ट्रही होता. आरोग्य कर्मचारी घरोघर फिरून रुग्ण शोधायचे, पट्टी बांधायचे, पाण्यात जाऊ नका म्हणून विनवायचे. पाण्यात टेमेफॉस हे सायक्लॉप्स मारणारं औषध ठराविक प्रमाणात टाकायचे. गाळायला कापड वाटायचे. आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करून, वर कठडा बांधून, रहाट बसवून त्यांचे आड करायचे. हे शेवटचं काम सोपं नव्हतं. बारवेत देव असतो, कोनाड्यात दिवा लागतो, नवरी तिथं पाणी पूजायला जाते. ती वाट बुजवायची म्हणजे गावाला समजवावं लागे.

भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ शोधूनही एकही मिळाला नाही आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. आपण त्या महिन्यात काय करत होतो? मला आठवतं, वायटूकेचं काहीच झालं नाही म्हणून सगळे हसत होते. नारू गेल्याची बातमी माझ्या लक्षात राहिलेली नाही.

जगाचा हिशोब असा: १९८६ साली आफ्रिका आणि आशियातल्या वीसेक देशांत मिळून सुमारे ३५ लाख रुग्ण असावेत असा अंदाज होता. २०२४ मध्ये माणसांतले रुग्ण १५. यामागे अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा मोठा वाटा. १९९५ मध्ये त्यांनी सुदानच्या यादवी युद्धात या कामासाठी शस्त्रसंधी घडवून आणली, ती जवळपास सहा महिने टिकली. शेवटचा नारू आपल्याआधी मरावा अशी इच्छा त्यांनी २०१५ मध्ये बोलून दाखवली होती. ती अगदी थोडक्यात हुकली. डिसेंबर २०२४ मध्ये शंभराव्या वर्षी ते गेले.

हुकण्याचं एक कारण चाडमधली कुत्री. तिथं २०१२ पासून कुत्र्यांमध्ये नारू सापडू लागला, आणि तोही शेकड्यांनी. नदीकाठचे लोक कोरड्या ऋतूत डबक्यांतले मासे पकडतात, आतडी फेकून देतात, कुत्री ती खातात, असा एक मार्ग असावा असं संशोधक मानतात. माणसाच्या पायाची वाट बंद झाली तेव्हा जंतानं दुसरी वाट धरली. त्यामुळे आता तिथं कुत्री बांधून ठेवणं आणि माशांची आतडी पुरणं हा आरोग्य कार्यक्रमाचा भाग आहे.

*

हे सगळं वाचल्यावर बारवांचं काय करायचं? आज बारवांना चांगले दिवस आलेत. २०१८ पासूनच्या शंभराच्या जांभळ्या नोटेवर पाटणची राणी की वाव आहे. गावोगाव तरुण मंडळी श्रमदान करून बुजलेल्या बारवा उपसतायत, दिवे लावतायत. मला ते मनापासून आवडतं आणि पुढच्या वेळी मी स्वतः जाणार आहे. नारू देशातून गेलाय, त्यामुळे बारवेत उतरून आता कुणाला तो होणार नाही. शिवाय हापसे आणि बोअर म्हणजेही काही शुद्ध पुण्य नव्हे. खडकातलं जुनं पाणी उपसत आपण खोल खोल गेलो, पातळी खाली गेली आणि राजस्थानपासून आपल्या यवतमाळ-चंद्रपूरपर्यंत कित्येक ठिकाणी त्या पाण्यातल्या फ्लोराईडनं लोकांचे दात आणि हाडं बिघडवली. पाण्याची व्यवस्था बदलली की एक दुखणं जातं आणि कधी कधी दुसरं येतं. पाऊस मुरवायला, गावाची पातळी राखायला बारवा हव्यातच. फक्त "आपले पूर्वज किती शुद्ध पाणी प्यायचे" असं कुणी फोटोखाली लिहिलं, की मला आता आजीचा घोटा आठवतो.

परवा पुन्हा आजीकडे गेलो. या वेळी तयारी करून. फेदचेंको, बुखारा, जालन्याचा पंप, सगळं सांगितलं. म्हटलं, आजी, तुझ्या आधी शहाऐंशी वर्षं हे माहीत होतं. ज्यांना माहीत होतं त्यांनी त्या पायऱ्या बुजवायला हव्या होत्या. तुझ्या हातात काही नव्हतं. आणि दिराला तुझ्याच पायातून झाला हे तरी कशावरून? त्या वर्षी गावात किती जणांना नारू होता?

"घरटी एक हुता," ती म्हणाली.

"मग?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याला म्याच पानी पाजायचे रं. शाळंतनं आला की तांब्या भरून."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "ती बारव हाय का अजून?" मी चुलतभावाला फोन लावला. आहे म्हणाला. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास वरून कठडा घालून पायऱ्यांची वाट चिणून टाकली, रहाट बसवला. आता रहाटही गंजलाय, कुणी शेंदत नाही, सगळ्यांकडे नळ आहे. पोरं उपसायचं म्हणतायत.

"उपसू दे," आजी म्हणाली. "पन पाटी लावा म्हनावं."

दिवाळीत तिला घेऊन जाणार आहे. पाटीवर काय लिहायचं ते तिलाच विचारीन.